आधी पाय बघा: जपानी मुद्राचित्रांतल्या प्रवासी बायका

रानजाई

उकियो-ए, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेली जुनी जपानी चित्रं म्हटलं की पांढरेफटक चेहरे, बारीक डोळे आणि चापूनचोपून बांधलेले अंबाडे डोळ्यांसमोर येतात. त्या बायकांचे चेहरे जवळपास एकाच साच्यातले असतात. म्हणून प्रवासाची चित्रं बघताना मी चेहऱ्यावर रेंगाळत नाही, आधी पाय बघते.

पायांत पेंढ्याच्या वहाणा घोट्याशी बांधलेल्या आहेत का? पोटऱ्यांना कापडाचे पट्टे आहेत का? मनगटं झाकलीत का? किमोनो कमरेशी वर ओढून दोरीनं आवळलाय का? असेल तर चित्रकारानं बाईला खरोखर वाटेला लावलंय. याउलट किमोनोचा घोळ जमिनीवर लोळतोय, पायांत उंच काळ्या खडावा आहेत आणि मागे एखाद्या मुक्कामाचा देखावा आहे, तर तिला फक्त त्या देखाव्यापुढे उभं केलंय. दोन्ही प्रकार 'तोकाइदोवरच्या सुंदर स्त्रिया' म्हणून एकत्रच दाखवले जातात. माझ्या मते ही दोन वेगळी जगं आहेत, आणि त्यांतलं पहिलं आपण नीट बघितलेलंच नाही.

थोडी पार्श्वभूमी. तोकाइदो म्हणजे एदो (आजचं तोक्यो) ते क्योतो असा समुद्राच्या बाजूनं जाणारा राजरस्ता. वाटेत 53 मुक्काम. उतागावा हिरोशिगेनं 1833-34 च्या सुमारास या रस्त्याची मालिका काढली, दोन्ही टोकं धरून 55 चित्रं, आणि ती तुफान खपली. तिला प्रकाशकाच्या नावावरून 'होएइदो' मालिका म्हणतात.

त्यातलं 'हारा' हे चित्र उघडून ठेवा. सकाळची वेळ आहे. फुजी इतका उंच काढलाय की त्याचं टोक चौकट फोडून वरच्या कोऱ्या कागदात घुसलंय. खाली शेतात दोन करकोचे. रस्त्यावर दोन बायका आणि त्यांच्यामागे सामान वाहणारा गडी. गड्याच्या अंगरख्यावरची नक्षी मोठी करून बघितलीत तर ती हिरोशिगेच्या नावातल्या अक्षरांची आहे, चित्रकारानं आपली सही नोकराच्या कापडात विणलीय. आणि त्या बायकांपैकी एक मान वळवून डोंगराकडे बघतेय. उकियो-एतल्या सुंदर बायका बहुतेक वेळा आपण बघावं म्हणून असतात. ही स्वतः काहीतरी बघतेय. मला हे चित्र सगळ्या मालिकेत याच कारणानं आवडतं.

दुसरं 'फुचू'. आबे नदीला पूल नाही. बायका हमालांच्या जिवावर नदी ओलांडताहेत, आणि एकाच चित्रात उताराचे निरनिराळे दर दिसतात: एकीची अख्खी डोली फळीवर ठेवून उचललीय, दुसरी नुसत्या फळीवर बसलीय, तिसरी हमालाच्या अंगावर. पैसा जसा कमी, तसं पाणी जवळ.

तुमच्याकडे अशी आणखी चित्रं असतील तर लिहा. मला विशेषतः कपड्यांबद्दल जाणून घ्यायचंय.

वाटाड्या

धागा आवडला, पण एक शंका मांडतो. ही चित्रं घरी बसलेल्यांसाठी होती. एदोतला माणूस नूडल्सच्या वाडग्याएवढ्या पैशांत एक कागद घेऊन जायचा. प्रकाशकाला माल खपवायचा असे आणि सुंदर बाई काढली की तो खपे. जाहिराती तर उघडउघड असत. होएइदो मालिकेतलंच 'सेकी' बघा. पहाटे सरदाराचा लवाजमा निघायच्या तयारीत आहे, आणि तिथे टांगलेल्या पाट्यांवर सेन्जोको नावाच्या चेहऱ्याच्या पावडरीची जाहिरात आहे. ही पावडर एदोतलं एक दुकान विकायचं, केइसाई एइसेन या चित्रकाराच्या बायकांच्या चित्रांतही ती सापडते.

त्यातून बायकांना प्रवास करायला देत कुठे होते? 1635 पासून सरदारांनी आलटूनपालटून एदोत राहायचं आणि बायकामुलं कायम तिथेच ठेवायची असा कायदा होता. त्या एक प्रकारे ओलीसच. म्हणून नाक्यांवर दोन गोष्टींवर नजर असे: एदोकडे येणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर जाणाऱ्या बायका. मग या नटूनथटून निघालेल्या बायका खऱ्या कशा मानायच्या?

पूर्वाई

वाटाड्या, मी कानागावा भागात राहते, हाकोने इथून जवळ. तुमचा मुद्दा रास्त आहे, पण तो अर्धा आहे.

नाक्यांवरचा जाच खराच होता. बाईला वेगळं दस्तक, म्हणजे परवाना, लागे. त्यात ती कोण, कुठून कुठे चालली, सोबत किती जणी, सधवा की विधवा, संन्यासिनी असेल तर तसं, केस कसे कापलेत, हे सगळं लिहिलेलं असे. नाक्यावर तपासणीसाठी बायकाच नेमलेल्या असत. त्या केस सोडायला लावून दस्तकाशी ताडून बघत. हाकोनेचा नाका आता पुन्हा बांधून काढलाय, तिथे हे प्रसंग पुतळ्यांनी मांडलेत. आराइचा नाका तर मूळ इमारतीसकट उभा आहे, 1854 च्या भूकंपानंतर बांधलेली.

आराइची एक गोष्ट सांगते. इनोउए त्सूजो नावाची विदुषी 1681 मध्ये शिकोकू बेटावरच्या मारुगामेहून एदोला निघाली होती, तिथल्या सरदाराच्या आईच्या पदरी राहायला. आराइला तिला अडवलं. दस्तकात 'बाई' लिहिलं होतं आणि तिचा पोशाख अविवाहित मुलीचा, लांब बाह्यांचा. तेवढ्यावरून तिला पुढे सोडेनात. नवं दस्तक ओसाकाहून मागवावं लागलं आणि ते येईपर्यंत ती ताटकळत बसली. हे सगळं तिनं आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय. म्हणजे नुसत्या बाह्यांच्या लांबीवरून बाईचा रस्ता अडत होता! तेव्हा रानजाई म्हणते तसं कपडे बघणं हा चित्रांपुरता नाद नाही, नाक्यावरचे लोकही तेच बघत होते.

आता दुसरी बाजू. सरदारांच्या बायका अडकलेल्या होत्या, पण व्यापाऱ्यांच्या, कारागिरांच्या, शेतकऱ्यांच्या बायका निघत. इसेच्या देवळाला जात, नागानोच्या झेन्कोजीला जात. झेन्कोजी तर बायकांना मोकळेपणानं येऊ देणारं म्हणून प्रसिद्धच होतं. काही जणी नाके चुकवून आडवाटांनी जात, त्यासाठी वाटाडे मिळत. आराइची होडी आणि तपासणी नको म्हणून हामाना सरोवराला उत्तरेकडून वळसा घालणारी वाट होती, तिला राजकन्यांची वाट म्हणतात. नाका तिथेही होता, पण बायका तीच वाट पसंत करत.

आणि एदोतल्या बायकांसाठी सगळ्यात सोयीचं ठिकाण होतं एनोशिमा. ते बेट हाकोनेच्या अलीकडे आहे! नाका ओलांडायचाच नाही. समुद्र, देऊळ, मासळी, वाटेत कामाकुरा, आणि काही दिवसांत घरी परत. उकियो-एत एनोशिमाला निघालेल्या बायका इतक्या का दिसतात याचं उत्तर नकाशात आहे.

उंबरठा

पूर्वाई, एनोशिमाचं नाव काढलंस, आता मला राहवत नाही. तिथली देवी बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानात गेली. तिच्या हातात बीवा नावाचं तंतुवाद्य असतं. त्यामुळे शामिसेन हे दुसरं तंतुवाद्य वाजवणाऱ्या, गाणं शिकवणाऱ्या बायकांची ती खास देवी.

हिरोशिगेचं तीन कागदांचं एक मोठं चित्र आहे, 1850 च्या आसपासचं, एनोशिमाच्या गुहेतल्या बेन्झाइतेनच्या दर्शनाला निघालेल्या बायकांचं. समोर लाटा, कडा, आणि किनाऱ्यावर बायकांचे घोळकेच्या घोळके. प्रत्येक घोळक्याच्या छत्र्या एकसारख्या, त्यांवर एकच चिन्ह. ती गायनशाळांची चिन्हं आहेत. तोकिवाझु, कियोमोतो अशा घराण्यांच्या गुरू आपल्या शिष्यांना घेऊन निघाल्यात. नवरा, सासरा, भाऊ यांच्यामागून चाललेल्या या बायका नव्हेत. स्वतःच्या कलेवर पोट भरणाऱ्या, आपल्या देवीला निघालेल्या. मला हे चित्र बघताना फार आनंद होतो.

कपड्यांबद्दल विचारलंस रानजाई, तर जरा सविस्तर लिहिते. माझा विषय कापड.

प्रवासात किमोनो वर घेऊन कमरेशी आवळतात तो प्रकार आपल्या नऊवारीचे ओचे खोचण्यासारखाच, काम आणि चाल मोकळी व्हावी म्हणून. वर केल्यामुळे आतलं लाल परकरवजा वस्त्र दिसतं, आणि चित्रकारांनी त्या लाल रेघेचा भरपूर उपयोग केलाय. चांगल्या किमोनोवर धूळ बसू नये म्हणून वरून युकाता, म्हणजे साधा सुती किमोनो, घालत. ही युकाता निळी-पांढरी, धुवायला सोपी. डोक्यावर गवती टोपी, तिच्याखाली केसांवर हातरुमाल, म्हणजे तेल लावून बांधलेल्या केसांत धूळ जाऊ नये. हातात काठी. एदोतल्या बाईला केस बांधणं हा मोठा खटाटोप होता, वाटेत तो रोज कोण करणार?

आता रंग. एदोत सरकार वारंवार फर्मानं काढी की व्यापाऱ्यांनी भपकेबाज कपडे घालू नयेत. लोकांनी त्यातून वाट काढली. वरून तपकिरी, करडे, निळे, अगदी साधे वाटणारे रंग, पण छटा बघाल तर डझनावारी, आणि अस्तर मात्र उंची रेशमाचं. चालताना कड उलटली की क्षणभर दिसावं इतकंच. यालाच एदोकर खरी ऐट म्हणत. चित्रात बाईच्या बाहीची आतली बाजू मुद्दाम बघा, चित्रकारानं सगळी श्रीमंती तिथे दडवलेली असते.

आणि उभ्या रेघा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एदोतल्या बायकांना रेघांच्या कापडाचं वेड लागलं. त्यातल्या एका प्रकाराचं नाव सान्तोमे, ते चेन्नईच्या मैलापूरजवळच्या साव तोमे या पोर्तुगीज वसाहतीवरून आलं. डच व्यापाऱ्यांची जहाजं कोरोमंडल किनाऱ्यावरचं सुती कापड नागासाकीला नेत. आपली छीटही तिकडे 'सारासा' म्हणून पोचली, तिचे तुकडे लोक तंबाखूच्या बटव्यांना आणि चहाच्या भांड्यांच्या पिशव्यांना लावत, इतकी ती महाग. पुढे जपानी विणकरांनी रेघांचं कापड स्वतः विणायला घेतलं. तोकाइदोवरच्या एखाद्या बाईच्या अंगावर रेघा दिसल्या की मला कोरोमंडलचे विणकर आठवतात.

शाईदौत

मी मुद्राचित्रण करतो, म्हणून छपाईच्या बाजूनं भर घालतो. वरच्या चित्रांमध्ये जो निळा दिसतो त्याशिवाय ही प्रवासाची लाट आलीच नसती.

आधीचा निळा दोन प्रकारचा. एक नीळ, ती जरा मंद. दुसरा एका रानफुलाच्या पाकळ्यांचा, नाजूक आणि सुंदर, पण उजेडानं आणि ओलीनं उडून जाणारा. 1830 च्या सुमारास बर्लिनचा निळा, म्हणजे प्रशियन ब्लू, एदोत स्वस्त झाला. तो गडद, टिकाऊ, आणि पाण्यात विरत जाणारा. ओल्या ठशावर ब्रशनं रंग एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला फिका करत नेला की आभाळ आणि समुद्र एका दाबात छापता येतात. हे काम छापणाऱ्याच्या हाताचं, चित्रकाराच्या नव्हे. म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रतींत आभाळ वेगळं असतं.

चित्रकार फक्त रेघांचं चित्र द्यायचा. कोरणारा ते रानचेरीच्या फळीवर उलटं चिकटवून कोरायचा. मग दर रंगाला वेगळी फळी. कोपऱ्यात आणि कडेला कागद टेकवायच्या खुणा कोरलेल्या असतात, त्यांच्या जोरावर आठ-दहा रंग एकमेकांवर बिनचूक बसतात. बाईच्या कपाळावरच्या केसांची मुळं बघा. एका मिलिमीटरात दोन-तीन रेघा, आणि त्या लाकडात उठावानं सोडलेल्या! एवढं काम कसबी कोरणाऱ्याकडेच जायचं.

आज जालावर बघताना सावध राहा. अठराव्या शतकातल्या, चित्रकार कियोनागाच्या काळातल्या बायका करड्या-तपकिरी किमोनोत दिसल्या तर त्यातला बराचसा जांभळा आणि निळा मुळात उडालेला असू शकतो. बॉस्टनच्या संग्रहालयात स्पॉल्डिंग बंधूंनी 1921 मध्ये हजारो चित्रं दिली ती कधीही भिंतीवर न लावण्याच्या अटीवर. त्यामुळे त्यांतले जांभळे अजून जांभळे आहेत. ती चित्रं स्क्रीनवर बघा आणि मग उंबरठा म्हणताहेत त्या छटांचा विचार करा.

आणखी एक. एइसेनच्या बायकांचा खालचा ओठ हिरवा दिसतो. तो रंग बिघडलेला नाही. करडईच्या फुलांचा लाल रंग थरावर थर लावला की त्यावर हिरवी झाक येते. लाल महाग, म्हणून काही जणी खाली काळी शाई लावून वर थोडा लाल लावत.

ओसरी

सगळं वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. पण रस्त्यावरच्या सगळ्या बायका हौसेनं निघालेल्या नव्हत्या, हेही इथे यायला हवं.

होएइदो मालिकेतलंच 'गोयू' बघा. संध्याकाळ, आणि सराईच्या बायका रस्त्यात येऊन वाटसरूंना अक्षरशः ओढताहेत. एकाच्या गळ्यातलं गाठोडं तिनं असं धरलंय की त्याचा जीव गुदमरावा. लोक हे चित्र गमतीचं म्हणून बघतात. या बायकांना 'जेवण वाढणाऱ्या' म्हणत, पण बहुतेक जणी कर्जापायी घरच्यांनी विकलेल्या मुली होत्या आणि त्यांच्याकडून वेश्याव्यवसाय करून घेतला जाई. 1718 मध्ये सरकारनं एका सराईत अशा दोनच बायका ठेवाव्यात असा नियम केला. म्हणजे ते सरकारच्या डोळ्यांदेखत चाललेलं होतं. चित्रातल्या सराईत आत टांगलेल्या पाट्यांवर प्रकाशक, चित्रकार, कोरणारा आणि छापणारा यांची नावं आहेत. जिरोबेए कोरणारा, हेइबेए छापणारा. कारागिरांची नावं नोंदली गेली याचा मला आनंद आहे. त्या बायकांची मात्र कुठेच नाहीत.

लगेच पुढचं 'आकासाका' बघितलंत तर त्यात अशाच बायका आरशापुढे पावडर लावताना दिसतील. त्याआधी 'फुताकावा' आहे, तिथे माळावरून तीन गोझे चाललेल्या, म्हणजे अंध गायिका, पाठीवर शामिसेन. या खऱ्या अर्थानं प्रवासी, आयुष्यभर गावोगाव चालणाऱ्या. पायांचा नियम इथेही लावा रानजाई, त्यांचा पोशाख चालण्याचाच आहे.

वाटाड्या

पूर्वाई, एनोशिमा नाक्याच्या अलीकडे आहे हा मुद्दा पटला. तो कुठेच वाचला नव्हता.

तरी मालिकांचा प्रश्न उरतोच. हिरोशिगेची मालिका गाजल्यावर कुनिसादा या चित्रकारानं 1830 च्या दशकात छोट्या आकारात तोकाइदोची सुंदर स्त्रियांची मालिका काढली. मागचा देखावा हिरोशिगेचाच उचललेला आणि पुढे ठसठशीत बाई. ती बऱ्याचदा त्या मुक्कामाच्या मानानं फारच सजलेली असते. पुढे 1854 पासून तर दोघांनी मिळून 'दोन कुंचल्यांची' मालिका केली, हिरोशिगेनं देखावे आणि कुनिसादानं माणसं. या पुढे उभ्या केलेल्या बायकांचं तुम्ही काय करणार?

रानजाई

वाटाड्या, त्यांना मी वेगळ्या जगात ठेवते असं सुरुवातीलाच म्हटलंय, पण टाकाऊ मानत नाही. त्यांच्यातल्या ज्या योशिवारा या एदोतल्या वेश्यावस्तीतल्या गणिका आहेत त्यांना त्या वस्तीच्या वेशीबाहेर पडायची मुभा नव्हती. ओबीची, म्हणजे कमरपट्ट्याची, गाठ पुढे बांधलेली, डोक्यात पिनांची गर्दी, अशी बाई डोंगरापुढे दिसली की समजावं, हा रस्ता तिला कधी मिळालेला नाही. ओसरीनं गोयूबद्दल लिहिलं ते मी याच्या शेजारी ठेवीन. एकीला रस्त्यावर आणून बसवलंय, दुसरीला रस्ता बंद आहे, आणि दोघीही 'तोकाइदोच्या सुंदर स्त्रिया' म्हणून विकल्या गेल्या.

आणि फुजीबद्दल एक गोष्ट. या शेकडो चित्रांत बायकांच्या मागे फुजी आहे, पण त्याच्या शिखरावर जायला बायकांना बंदी होती. ती 1872 मध्ये उठली. त्याच्या 40 वर्षं आधी, 1832 मध्ये, ताकायामा तात्सू नावाची बाई पुरुषाचा वेश घेऊन शिखरावर जाऊन आली. हिरोशिगेच्या मालिकेच्या जेमतेम एक-दोन वर्षं आधी! 'हारा'तली ती मान वळवलेली बाई मी यापुढे तात्सूला आठवल्याशिवाय बघू शकत नाही. डोंगर समोर आहे, वाट आहे, पायांत वहाणा आहेत, आणि वर जायचं नाही.

होकुसाई या चित्रकाराच्या 'एजिरी'चा विषय कुणी काढला नाही. त्यात वाऱ्यानं टोपी उडालीय, कागद आभाळभर झालेत. ते कागद एका बाईच्या किमोनोच्या घडीतून निघालेत, आणि तिचा चेहरा कापडानं झाकला गेलाय. सौंदर्य दाखवायची सोयच ठेवलेली नाही. ती नुसती वाऱ्यात सापडलेली वाटसरू आहे. फुजी मागे एका रेघेत.

नवखा

सुंदर चर्चा. मला जुन्या बाजारात तीन बायकांचं एक चित्र मिळालंय, गवती टोप्या, काठ्या, मागे समुद्र. जपानी वाचता येत नाही. साधारण कोणत्या काळातलं हे कसं ओळखायचं?

शाईदौत

नवखा, आधी शिक्के शोधा. 1790 नंतर छापण्याआधी प्रत्येक चित्र तपासून घ्यावं लागे. एकच छोटा गोल शिक्का, आत एक अक्षर, असं असेल तर साधारण 1842 पर्यंतचं. त्यानंतर काही वर्षं तपासनिसांच्या नावांचे शिक्के, आधी एक, मग दोन. 1853 च्या आसपासपासून वर्ष आणि महिना सांगणारा अंडाकृती शिक्का, त्यात वर्ष बारा प्राण्यांपैकी एकाच्या चिन्हानं दिलेलं असतं. ही चिन्हं दर बारा वर्षांनी परत येतात, तरी चिन्ह जुळवलं की वर्षाचा चांगला अंदाज लागतो.

1842 च्या फर्मानानं नटांची आणि गणिकांची चित्रं छापायला बंदी आली आणि रंगांच्या फळ्यांवरही मर्यादा आली. त्या काळात प्रकाशकांनी गृहिणी, मुली, यात्रेकरू बायका पुढे आणल्या, तेव्हा तुमचं चित्र तिथलं असण्याची बरीच शक्यता आहे.

पण त्याआधी ते चित्र मूळ की नंतरची नक्कल हे बघा. विसाव्या शतकात याच चित्रांच्या फळ्या नव्यानं कोरून खूप प्रती काढल्या गेल्या. कागद उजेडासमोर धरा. मागच्या बाजूला रंग झिरपलेला आणि कागद ठशावर दाबायच्या घासणीचे गोल ओरखडे दिसले तर निदान ते हातानं छापलेलं आहे. भिंगातून बघितल्यावर ठिपक्याठिपक्यांची जाळी दिसली तर ती यंत्रावरची छपाई. शिक्क्यांचे आणि मागच्या बाजूचे फोटो टाका, बाकीचं इथे सगळे मिळून बघू. आणि चित्र उन्हात ठेवू नका.

रानजाई

आणि पायांचाही फोटो टाका.